खडीच्या खदानीतले रंगीत दगड

जळगाव म्हटले की बाहेरचा माणूस सोने, केळी आणि भरीत ही तीन नावे घेतो. जगभरचे खनिजसंग्राहक मात्र आपल्या गावाला चौथ्याच कारणाने ओळखतात. ते कारण म्हणजे इथल्या दगडाच्या खदानींत सापडणारे रंगीत स्फटिक.

आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, हे आपण भूगोलात शिकलो. तो रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले, त्यातील क्षारांचे स्फटिक वाढले. फिकट केशरी स्टिलबाइट आणि हिरवट अ‍ॅपोफिलाइट हे त्यांतले नामांकित. अ‍ॅपोफिलाइटला हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. हे दगड अंगठीत टिकतील इतके कठीण नसतात. त्यामुळे ते सराफ बाजारात न जाता, पैलू न पाडता, आहेत तसेच संग्राहकांकडे जातात.

या व्यापाराच्या मुळाशी रेल्वे आहे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात लोहमार्गासाठी सुरुंग लावले गेले, तेव्हा निघालेले अ‍ॅपोफिलाइट लंडनच्या संग्रहालयापर्यंत पोहोचले. पुढे रस्ते आणि इमारतींसाठी गावोगावी खडी फोडली जाऊ लागली आणि प्रत्येक खदान हे नवे भांडार ठरले. पोकळी दिसली की कामगार स्फटिक जपून काढतो, कागदात गुंडाळतो. तिथून तो स्थानिक खरेदीदार, निर्यातदार असा प्रवास करत अमेरिकेतील टूसॉनच्या प्रदर्शनात मांडला जातो. हे प्रदर्शन १९५५ पासून भरते.

या प्रवासात एक गोष्ट मात्र सहज हरवते, ती म्हणजे दगडाचा पत्ता. स्फटिक कोणत्या खदानीतला, हे सांगणारी चिठ्ठी नसेल तर अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे मोल निम्म्याने उतरते. पूर्वी कित्येक नमुन्यांवर नुसते ‘पूना’ लिहिले जाई. त्यांत इतर जिल्ह्यांचे दगडही असत.

हे वैभव आपल्या मातीत राहावे म्हणून प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. नौदलात काम केलेल्या के. सी. पांडे यांनी स्फटिकांच्या व्यवसायातूनच सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय २००१ मध्ये उभे केले. खान्देशातून नाशिककडे जाताना वाट थोडी वाकडी करून ते जरूर पाहावे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत कुणी बांधकामात असेल, कुणाच्या शेताशेजारी खदान असेल. सुरुंगानंतर उघडी पडलेली पोकळी वेळेवर कुणी ओळखली नाही, तर कोट्यवधी वर्षांचा तो स्फटिक क्रशरमध्ये जाऊन खडी होतो. आणि घरातल्या शोकेसमध्ये असा दगड असेलच, तर त्याखाली गावाचे नाव आणि साल लिहून ठेवा. पुढच्या पिढीला त्या चिठ्ठीवरूनच त्याचा इतिहास कळेल.