बॅट : हत्यार आणि रूपक

वस्तूचा इतिहास लिहायचा तर आधी तिचं वजन बघावं. (विज्ञानाची सवय, दुसरं काय!) बेसबॉलची लाकडी बॅट साधारण 900 ग्रॅमची असते. मूठ बारीक, वजन पुढच्या टोकाकडे. म्हणून फटका जबर बसतो. चेंडूला काय, डोक्याला काय.

19 जून 1982. डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्कमध्ये मोटार कारखान्यातल्या रोनाल्ड एबन्स या सुपरवायझरने व्हिन्सेंट चिनला बॅटने मारलं. चार दिवसांनी चिन गेला. वय 27. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात म्हणून तेव्हा शहरात राग खदखदत होता. आणि चिन चिनी-अमेरिकन होता, जपानी नव्हताच!

बॅट लुईव्हिल स्लगर, तीही जॅकी रॉबिन्सनच्या नावाची. 1947 मध्ये मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा हाच तो खेळाडू. मग काय, 'अमेरिकेचाच खेळ, अमेरिकेचंच हत्यार' असं टिपणात लिहून मी खूश. गाईडनी एवढंच विचारलं, "हे तेव्हा कोण म्हणत होतं? की तूच?"

मित्रांनो, रूपक इथेच फसवतं. सगळं बॅटवर ढकललं की कोर्ट नजरेआड होतं. खुनाचा आरोप तडजोडीत सदोष मनुष्यवधावर आला. मार्च 1983 मध्ये शिक्षा झाली ती तीन वर्षं प्रोबेशन आणि 3000 डॉलर दंड. तुरुंगवास नाही. त्या दिवशी कोर्टात ना सरकारी वकील होता, ना चिनची आई.

ते वाक्य मी खोडलं. सध्या त्या सुनावणीबद्दल वाचतोय.