माल व्यापाऱ्याचा, कागद जहाजवाल्याचा

१/ डहाणूच्या खाडीकाठी धाकटी डहाणू हे मच्छीमारांचे गाव आहे. त्याच तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये. बंदर म्हटले की जहाजे आठवतात. त्या जहाजांतून ज्याचा माल जातो, त्या व्यापाऱ्याच्या पाठीशी सरकार कसे उभे राहिले, त्याचा हा इतिहास.

२/ माल चढला की जहाज कंपनी ‘बिल ऑफ लेडिंग’ देते. ती मालाची पावती, वाहतूक कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा दस्तऐवजही असतो. म्हणूनच बँका त्यावर पैसे देतात.

३/ जुन्या इंग्लिश कायद्यात मात्र एक पेच होता. हा कागद विकत घेणारा मूळ करारात पक्षकार नसे. त्यामुळे माल खराब निघाला तरी त्या कराराच्या आधारे त्याला दावा लावता येत नसे. इंग्लंडमध्ये १८५५ साली आणि हिंदुस्थानात १८५६ साली कायदा झाला व दाव्याचा हक्क नव्या मालकाकडे आला.

४/ दुसरा पेच कागदावरील बारीक अक्षरांत होता. चोरी, ओल, खलाशांचा हलगर्जीपणा, कशाचीच जबाबदारी नको, अशा अटी जहाजमालक छापत. एकट्या व्यापाऱ्याला त्या बदलून घेणे अशक्य होते. अमेरिकेने १८९३ साली अशा अटींना लगाम घातला. १९२४ साली ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय नियम ठरले.

५/ ते नियम हिंदुस्थानात १९२५ च्या कायद्याने आले. प्रवासापूर्वी जहाज सुस्थितीत आणण्याची आणि माल सांभाळण्याची जबाबदारी जहाजवाल्यावर पडली. ती टाळणारी अट रद्दबातल ठरली. मात्र ही तडजोड होती. जहाज हाकण्यातील चूक माफ, भरपाई दर नगामागे कमाल १०० पौंड आणि दाव्याची मुदत एक वर्ष.

६/ हक्क मिळाला, पण वसुली कशी? परदेशी मालकाचे येथे बहुधा जहाजच तेवढे येते. ते अटकावणे हाच उपाय. परंतु हा अधिकार मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीनच उच्च न्यायालयांचा मानला जाई. शिवाय १८६१ च्या ब्रिटिश कायद्यातील मालाविषयीचे कलम बंदरात आणलेल्या मालापुरते होते, बाहेर जाणाऱ्या मालाचा त्यात उल्लेख नव्हता.

७/ फेब्रुवारी १९८४. ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे जहाज गोव्यातील एका कंपनीचा माल घेऊन मुरगाव बंदरातून निघाले. कंपनीची तक्रार अशी, की बिल ऑफ लेडिंग दिलेच नाही आणि किंमत मिळालेली नसताना, सूचना डावलून माल खरेदीदाराच्या हवाली केला. एप्रिलमध्ये जहाज विशाखापट्टणमला आले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते अटकावले गेले.

८/ या न्यायालयाला तो अधिकारच नाही, असा जहाजमालकाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली तो फेटाळला. स्वतंत्र भारताच्या उच्च न्यायालयांचे अधिकार १८६१ च्या चौकटीत गोठलेले नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ च्या कायद्याने किनारपट्टीच्या राज्यांतील आठ उच्च न्यायालयांना हा अधिकार स्पष्टपणे दिला.

९/ तोवर कंटेनर आले होते. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. पण नागपूरच्या निर्यातदाराने सीमाशुल्काच्या तपासणीसाठी थेट समुद्रकाठ का गाठावा? देशांतर्गत कंटेनर डेपो हे त्याचे उत्तर. पहिला डेपो १९८१ साली बंगळूरला झाला. १९८८ साली सरकारी ‘कॉन्कॉर’ कंपनी स्थापन झाली. पुढे नागपुरातही डेपो आला. तपासणी आणि मोहोर तिथेच, मग रेल्वेने बंदर.

१०/ त्यातून नवा प्रश्न निघाला. ट्रक, रेल्वे, जहाज असा प्रवास करून पेटी उघडली आणि माल फुटलेला निघाला, तर दोष कोणाचा? प्रत्येक वाहतूकदार दुसऱ्याकडे बोट दाखवी. १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याने निर्यातीसाठी एकच दस्तऐवज आणि एकच जबाबदार आणला. नुकसान कोणत्या टप्प्यात झाले हे कळले नाही, तरी भरपाईची वाट मोकळी राहिली.

११/ १८५६ आणि १९२५ या दोन्ही कायद्यांची जागा घेणारे नवे कायदे संसदेने २०२५ साली केले.

१२/ डहाणूचा स्वतःचा कायदेशीर इतिहासही आहे. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ साली वाढवणचे बंदर नाकारले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने संमती दिली. मच्छीमारांचा विरोध कायम राहिला. नुकसान कोणी सोसायचे, या प्रश्नावर व्यापाऱ्याला कायद्याने टप्प्याटप्प्याने उत्तर दिले. किनाऱ्यावरचा कोळी आज तोच प्रश्न विचारतो आहे.