विकासात्मक समन्वय विकार आणि योगाभ्यास

विकासात्मक समन्वय विकार (डिस्प्रॅक्सिया) असलेल्या मुलांना तोल, शरीराची जाणीव आणि आत्मविश्वास यांसाठी पूरक आधार म्हणून योगाभ्यास दिला जातो. बुद्धी सर्वसाधारण असूनही आणि शिकण्याची पुरेशी संधी मिळूनही अशा मुलांना बटणे लावणे, बुटाची नाडी बांधणे, कात्री चालवणे, सुवाच्य लिहिणे किंवा चेंडू झेलणे समवयस्कांच्या तुलनेत उशिरा व कष्टाने जमते. योगाभ्यास हा या विकारावरील उपचार नाही.

स्वरूप आणि निदान

डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेनुसार ५ ते ११ वर्षे वयोगटातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो. पूर्वीच्या इंग्रजी वैद्यकीय लेखनात अशा मुलांना ‘क्लम्झी’, म्हणजे वेंधळी, म्हटले जाई. कॅनडातील लंडन (ओंटारिओ) येथे १९९४ साली झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत सध्याच्या नावावर एकमत झाले. घरात व वर्गात मात्र ‘धांदरट’, ‘आळशी’ ही विशेषणे टिकून आहेत. अशा मुलाला सांडलेले दूध आणि गिचमिड वही यांबद्दल बोलणी खावी लागतात. त्याने प्रत्यक्षात इतरांहून अधिक श्रम घेतलेले असतात. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे.

निदानापूर्वी इतर आजार वगळावे लागतात. आधी येत असलेल्या हालचाली कमी होत जाणे, वारंवार पडणे, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उभे राहणे ही स्नायूंच्या किंवा चेतासंस्थेच्या आजाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी योगवर्गापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी होणे आवश्यक असते.

उपयुक्तता

आसनांतील हालचाल संथ असते आणि अंतिम स्थितीत थांबता येते. धावत्या चेंडूचा अंदाज घेत क्षणार्धात हात पुढे करण्यापेक्षा भिंतीला पाठ लावून ताडासनात उभे राहणे कितीतरी सोपे असते. टाचा, पाठ, खांदे कोठे आहेत हे मुलाला भिंतीच्या स्पर्शाने समजते. मार्जारासन, भुजंगासन, शलभासन यांत धडाच्या स्नायूंना काम मिळते, तर वृक्षासनात एका पायावरील तोलाचा सराव होतो. याखेरीज येथे संघ नसतो, त्यामुळे आपल्यामुळे इतर हरल्याचे ओझेही नसते. खेळाच्या तासाला कडेला बसणाऱ्या मुलासाठी हा लाभ लहान नाही.

अध्यापनातील अडचणी

शाळेतील सामुदायिक योगवर्ग या मुलांना अनेकदा गैरसोयीचा ठरतो. समोर उभ्या शिक्षकाचे पाहून अनुकरण करणे हीच त्यांची मूळ अडचण असते; समोरासमोर उभे राहिल्याने डावे-उजवे उलटे दिसते आणि अंकांच्या गतीवर स्थिती बदलताना गोंधळ वाढतो. सूर्यनमस्कारातील बारा स्थिती क्रमाने लक्षात ठेवणेही कठीण जाते. म्हणून दोन-तीन स्थितींचा एकेक तुकडा बसवून मग पुढचा जोडणे, सतरंजीवर पावलांच्या खुणा आखणे, शिक्षकाने मुलाच्या शेजारी त्याच दिशेला तोंड करून उभे राहणे, सूचना एका वेळी एकच देणे असे बदल केले जातात. पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत भिंत, पट्टा, लाकडी ठोकळे, खुर्ची यांचा आधार घेतला जातो. ती पद्धत या विकारासाठी घडवलेली नसली, तरी तिच्यातील साधने येथे उपयोगी पडतात.

यांपैकी काही मुलांचे सांधे प्रमाणाबाहेर लवचीक असतात. अशा मुलाची खोलवर वाकलेली स्थिती प्रशंसनीय दिसली, तरी ती प्रगतीची खूण नसते. कोपर व गुडघे मागे ताणून ‘कुलूप’ न लावता किंचित सैल ठेवण्यास शिकवावे लागते. शीर्षासन, श्वास दीर्घकाळ रोखणे आणि वेगवान श्वसनक्रिया टाळल्या जातात. भ्रामरी व शवासन सहसा झेपतात, मात्र डोळे मिटल्यावर अस्वस्थ होणाऱ्या मुलाला ते उघडे ठेवू दिले जातात.

मर्यादा

या विकारातील योगाभ्यासाविषयीचे संशोधन अद्याप तोकडे आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शिफारशींचा भर मुलाला दैनंदिन जीवनात जे काम करायचे आहे त्याच कामाच्या सरावावर आहे. कॅनडात विकसित झालेल्या ‘को-ऑप’ पद्धतीत मूल स्वतः ध्येय ठरवते, बेत आखते, कृती करते आणि काय चुकले ते तपासते. वृक्षासनात सुधारलेला तोल आपोआप सायकलवर उतरत नाही. सायकल सायकलवरच शिकावी लागते, नाडी नाडीवरच. त्यामुळे व्यवसायोपचारतज्ज्ञांनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आखलेला सराव थांबवून त्या जागी योगवर्ग लावणे मुलाच्या तोट्याचे ठरते. दोन्हींना वेळ देताना आठवड्याचे वेळापत्रक मुलाला थकवणारे होऊ नये याकडेही लक्ष द्यावे लागते, कारण साध्या हालचालींतच त्याची बरीच शक्ती खर्च झालेली असते.