होशेय

होशेय : (इ. स. पू. आठवे शतक). इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यातील हिब्रू संदेष्टा व त्याच्या नावाचा जुन्या करारातील ग्रंथ. बारा लघुसंदेष्ट्यांच्या मालिकेतील हा पहिला ग्रंथ, अध्याय १४. माणसांनी करार मोडला तरी देव आपल्या बाजूने तो मोडत नाही, हा विचार बायबलमध्ये अनेक ठिकाणी येतो. होशेयाने तो स्वतःच्या विस्कटलेल्या संसारातून मांडला.

दुसऱ्या यराबामाच्या राजवटीच्या अखेरीस, सुमारे इ. स. पू. ७५० मध्ये, त्याचे कार्य सुरू झाले. राज्यात सुबत्ता होती. धान्य, द्राक्षारस आणि तेल हे बआल या कनानी दैवताचे देणे, अशी लोकांची समजूत होती आणि होशेयाचा रोष प्रथम तिच्यावर आहे. यराबामानंतर सहा राजे झाले, त्यांपैकी चौघांचे खून झाले. दरबार कधी अश्शूरला खंडणी देई, कधी मिसरकडे आशेने पाही. बआलच्या भक्तीप्रमाणे हे राजकारणही होशेयाच्या लेखी व्यभिचारच होता.

देवाच्या आज्ञेवरून त्याने दिब्लाइमाची मुलगी गोमर हिच्याशी लग्न केले. ती एकनिष्ठ राहिली नाही. मुलांची नावे म्हणजे राष्ट्राला दिलेले इशारेच होते : इज्रेल (येहू राजाने जेथे रक्तपात केला ते ठिकाण), लो-रुहामा (जिच्यावर दया नाही ती) आणि लो-अम्मी (माझे लोक नव्हेत). तिसऱ्या अध्यायात त्याला पुन्हा एका व्यभिचारी स्त्रीवर प्रेम करण्यास सांगितले जाते आणि तो तिला १५ शेकेल रुपे व दीड होमेर जव देऊन विकत घेतो. किंमत अशी रोख आणि धान्य मिळून भरलेली दिसते. घरातले होते नव्हते ते त्याने गोळा केले असावे, असे वाटते. ही स्त्री गोमरच, असे बहुतेक भाष्यकार मानतात. ग्रंथ मात्र तिचे नाव घेत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात व्यभिचाराला देहदंड होता. येथे तिने पश्चात्ताप केल्याचा उल्लेखही नाही, तरी ती घरी येते. अर्थात तत्काळ सारे पूर्ववत होत नाही : पुष्कळ दिवस तिने कोणाचीही न होता राहावे, अशी अट आहे. यहूदी विचारवंत मायमोनिडीस आणि ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिन यांना लग्नाचा हा प्रसंग प्रत्यक्ष घडलेला न वाटता दृष्टान्तरूप वाटला. संदेष्ट्याला देवाने असे लग्न करायला लावावे, ही अडचण त्यामागे आहे.

ग्रंथाचा कळस अकराव्या अध्यायात आहे. तेथे पतीची प्रतिमा मागे पडते आणि देव एफ्राइमला, म्हणजे उत्तरेकडील राज्याला, हात धरून चालायला शिकवणाऱ्या आईबापासारखा बोलतो. शिक्षेचा निर्णय झालेला असताना त्याचेच अंतःकरण फिरते. कारणही विलक्षण दिले आहे : तो देव आहे, माणूस नाही, म्हणून क्रोध तडीस नेणार नाही. तरीही क्षमा स्वस्त नाही. सहाव्या अध्यायात लोक घाईने परतण्याची भाषा करतात, तेव्हा त्यांची निष्ठा सकाळच्या दहिवरासारखी विरून जाणारी ठरते; चौदाव्या अध्यायात देव स्वतःच इस्राएलासाठी दहिवर होण्याचे वचन देतो. या दोहोंमध्ये, तेराव्या अध्यायात, तोच देव सिंह, चित्ता आणि पिले हिरावलेली अस्वल आहे. ग्रंथाची ही ओढाताण भाविक वाचनात अनेकदा गुळगुळीत केली जाते. इतिहासातही सुटका झाली नाही : इ. स. पू. ७२२ च्या सुमारास राजधानी शोमरोन पडले. अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन याच्या शिलालेखांत २७ हजारांहून अधिक लोक नेल्याची नोंद आहे.

ख्रिस्ती परंपरेने मुलांच्या नावांचा उलटलेला अर्थ उचलला. जे देवाचे लोक नव्हते ते आता त्याचे झाले, हे पौलाने रोमकरांस पत्रात यहूदीतर विश्वासणाऱ्यांना लावले. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तोच संदर्भ आहे. जकातदार आणि पापी यांच्या पंक्तीला बसल्याबद्दल येशूला बोल लावला गेला, तेव्हा यज्ञापेक्षा दया श्रेष्ठ मानणारे होशेयाचे वचन त्याने उत्तरादाखल पुढे केले, असे मत्तय सांगतो. स्त्रीला मोल देऊन सोडवणे ही ख्रिस्ताच्या मुक्तिकार्याची पूर्वछाया, हे वाचन मात्र नंतरच्या प्रवचनकारांचे आहे. यहूदी परंपरेत दुसऱ्या अध्यायातील वाग्दानाची वचने सकाळच्या प्रार्थनेत तेफिलीनची (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चर्मपेटीची) वादी बोटाभोवती गुंडाळताना म्हटली जातात.

अलीकडच्या टीकेचा रोख त्याच दुसऱ्या अध्यायावर आहे. संतापलेला पती बायकोला विवस्त्र करण्याची, कोंडण्याची धमकी देतो आणि पुढे रानात नेऊन तिच्या मनाला भिडेल असे बोलतो. मारहाणीनंतर येणाऱ्या गोडव्याशी हे कमालीचे जुळते, याकडे बायबलच्या अभ्यासक रेनिटा वीम्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात लक्ष वेधले. गोमर स्वतः ग्रंथात बोलतच नाही. दुसऱ्या अध्यायातील बायकोच्या तोंडचे जे काही शब्द आहेत, ते नवऱ्याने सांगितलेले आहेत.