वय ८२, खुब्याचं हाड मोडलंय, हृदयही कमजोर... मग भूल कोणती द्यायची?

बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. वय ८२. बीपी आहे, शुगर आहे, काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलेला. हाडांचे डॉक्टर ऑपरेशनचा सल्ला देतात. मग भूलतज्ज्ञ तपासून जातात आणि नातेवाईकांसमोर 'हाय रिस्क' संमतीचा कागद येतो. "एवढी रिस्क असेल तर ऑपरेशन नकोच," असं कुणीतरी तिथेच म्हणतं.

पण या 'हाय रिस्क'चा नेमका अर्थ काय? आणि भूल कोणती द्यायची, हे ठरतं कसं?

'हाय रिस्क' कुणाला म्हणतात?

जगभरातले भूलतज्ज्ञ 'एएसए' नावाची श्रेणी वापरतात. पूर्ण निरोगी माणूस श्रेणी १ मध्ये. आजार आहे पण आटोक्यात आहे, तर श्रेणी २. गंभीर आजारामुळे रोजच्या हालचालींवर मर्यादा आल्या असतील तर ३ आणि आजारामुळे जिवाला सतत धोका असेल तर ४. ऑपरेशनशिवाय वाचण्याची आशा नाही, असा रुग्ण ५ मध्ये येतो. मेंदूमृत अवयवदात्यासाठी श्रेणी ६ आहे.

केवळ वय पाहून श्रेणी ठरत नाही. पडण्याआधी रुग्ण दोन जिने न थांबता चढू शकत होता का, हा साधा प्रश्न डॉक्टर म्हणूनच विचारतात. हृदय आणि फुप्फुसांची ताकद त्यातून कळते.

मग ऑपरेशन टाळलं तर?

खुब्याचं हाड मोडलेला वृद्ध रुग्ण अंथरुणाला खिळला, की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढत जातो. त्यामुळे शक्यतो २४ ते ४८ तासांत ऑपरेशन करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. रिस्क भुलेची आहे तशी थांबण्याचीही आहे, आणि कागदावर सही करताना या दोन्हींची तुलना करायची असते.

मणक्यातून की पूर्ण भूल?

मणक्यातल्या भुलेत कंबरेत बारीक सुईने औषध देतात. कंबरेखालचा भाग बधिर होतो आणि रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो. दम्याच्या किंवा फुप्फुसं खराब असलेल्या रुग्णांना याचा फायदा होऊ शकतो. पण या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी झटकन उतरू शकतं. हृदयाची झडप खूप अरुंद झालेली असेल तर हे धोक्याचं ठरतं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर मणक्यात रक्तस्राव होऊन पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. असा प्रकार दुर्मीळ असला तरी गंभीर असतो.

पूर्ण भुलेत रुग्ण झोपलेला असतो आणि श्वासाची जबाबदारी मशीन घेतं. यातही बीपी उतरू शकतं, शिवाय कमजोर फुप्फुसांच्या रुग्णाला नंतर त्रास होऊ शकतो.

मणक्यातली भूल नेहमीच जास्त सुरक्षित, असा समज आहे. 'रीगेन' नावाच्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांची तुलना झाली. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० दिवसांनंतर मृत्यू झालेले किंवा स्वतःहून चालू न शकणारे रुग्ण मणक्यातल्या भुलेत १८.५ टक्के होते, तर पूर्ण भुलेत १८ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

मग फरक कशाने पडतो?

भूल कशी सांभाळली, याने. औषधाचा डोस कमी ठेवणं, बीपी उतरताच लगेच सावरणं, गरज असल्यास मनगटाच्या धमनीत नळी टाकून क्षणाक्षणाचं बीपी पाहणं, ही ती कामं. मांडीच्या नसेभोवती बधिरीचं इंजेक्शन दिलं तर वेदना घटतात आणि गुंगीची औषधंही कमी लागतात. कुणाला आयसीयूत ठेवावं लागेल, हेही आधीच ठरवलं जातं.

घरच्यांनी काय करावं?

- सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी कोणती आणि शेवटची कधी घेतली, हे नक्की सांगावं. क्लोपिडोग्रेल सुरू असेल तर मणक्यातल्या भुलेआधी साधारण ५ ते ७ दिवसांचं अंतर लागतं. तेवढं थांबणं परवडणार नसेल तर डॉक्टर पूर्ण भूल निवडू शकतात.
- कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही.
- आधीच्या भुलेत झालेला त्रास, अॅलर्जी, हलणारे दात, कवळी, तंबाखू किंवा दारू, काहीच लपवू नये.
- उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. साधारणपणे हलक्या जेवणानंतर ६ तास आणि पाण्यानंतर २ तास, पण आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळच अंतिम. "घोटभर चहा चालतो" म्हणून दूध घातलेला चहा देऊ नये, दूध पचायला वेळ लागतो.
- ऑपरेशननंतर वृद्ध रुग्ण काही दिवस गोंधळल्यासारखे वागू शकतात. चष्मा आणि कानाचं यंत्र लवकर परत द्यावं, ओळखीचं माणूस जवळ असावं.

सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: 'आमच्या रुग्णाला सर्वात मोठा धोका कशाचा आहे?' आणि 'त्यासाठी तुमची तयारी काय आहे?' ही उत्तरं ऐकल्यावर 'हाय रिस्क' म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांना कळतं आणि निर्णय घेणं सोपं जातं.