कुलाब्यातील ओलीस: कॅथरिन कुक आणि कान्होजी आंग्रे

कॅथरिन कुक ही इंग्रज तरुणी नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराच्या हाती लागली आणि फेब्रुवारी १७१३ पर्यंत अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओलीस राहिली. तिच्यासह इतर इंग्रज कैद्यांना सोडवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने तीस हजार रुपये मोजले. विजोड जोडपे, भर समुद्रात हल्ला, कैद आणि खंडणी असा एखाद्या रहस्यमय प्रेमकादंबरीला पुरेल इतका ऐवज या एकाच प्रकरणात आहे. म्हणून ते बहुतेकदा कादंबरीसारखेच सांगितले गेले. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक वळणावर प्रेमापेक्षा हिशेबाची वही अधिक बोलते.

कॅथरिनचे वडील कॅप्टन गेरार्ड कुक कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये तोफखान्यावर होते. रजा संपवून ते सहकुटुंब ‘लॉयल ब्लिस’ जहाजाने परतत असताना वाऱ्याचा हंगाम हुकला आणि १७०९ च्या ऑक्टोबरात जहाजाला कारवारला आसरा घ्यावा लागला. तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉन हार्वे उतारवयाचा आणि शरीराने व्यंग असलेला होता. खाजगी व्यापारात त्याने पैसा मात्र बराच केला होता. पाहुण्यांचे आगतस्वागत करता करता त्याने तेरा-चौदा वर्षांच्या कॅथरिनला मागणी घातली. मुलींची स्थळे आईबापांनी पैसा बघून जमवण्याची रीत त्या काळच्या इंग्रजांतही होतीच. लग्न लावून कुक कुटुंब बंगालकडे निघून गेले आणि मुलगी कारवारला राहिली.

पुढे हार्वेने नोकरी सोडली आणि जोडपे मुंबईला आले. तिथे कॅथरिनची ओळख टॉमस चाऊन या कंपनीच्या तरुण नोकराशी झाली. हार्वेचे कारवारचे हिशेब अजून मिटायचे होते. त्यासाठी १७१२ मध्ये तो पत्नीला घेऊन पुन्हा कारवारला गेला. थोड्याच काळात चाऊनचीही नेमणूक तिथेच झाली, आणि काही महिन्यांत हार्वे वारला. नंतर दोनेक महिन्यांतच कॅथरिनने चाऊनशी लग्न केले. हा योगायोग कादंबरीकाराला मोहात पाडणारा असला, तरी हार्वेच्या मृत्यूत संशयाला जागा असल्याचा पुरावा नाही. खरी अडचण निराळीच होती. हार्वेचा खाजगी पैसा आणि कंपनीचा पैसा एकमेकांत मिसळलेला होता आणि इस्टेटीवर कंपनीने आपला हक्क सांगितला. वारसा मिळवायचा तर मुंबई गाठणे भाग होते.

कारवार ते मुंबई हा समुद्र तेव्हा आंग्र्यांचा होता. कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कुलाब्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवले होते. तेच कान्होजींचे मुख्य ठाणे झाले आणि दक्षिणेला विजयदुर्ग त्यांच्याच ताब्यात होता. या किनाऱ्यावरून माल नेणाऱ्या जहाजाने सरखेलाचा दस्तक, म्हणजे पैसे भरून मिळणारा परवाना, घ्यावा असा त्यांचा नियम होता. दस्तक नसेल तर जहाज मालासह जप्त होई. ही पद्धत काही कान्होजींनी शोधलेली नाही. पोर्तुगीज दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ या नावाने हेच करत आले होते. इंग्रजांना मात्र हे मान्य नव्हते. आपण सागराचे मोकळे वाटसरू आणि दस्तक मागणारा चाचा, अशी त्यांची भूमिका. तिचा फायदा घेऊन कंपनीचे नोकर खाजगी माल आणि देशी व्यापाऱ्यांची जहाजेही इंग्रज निशाणाखाली फिरवत. कान्होजींचा खरा राग या पळवाटेवर होता. तिच्यामुळे त्यांचे उत्पन्न बुडत होते.

आंग्र्यांची ताकद गुराब आणि गलबतांत होती. दोन-तीन डोलकाठ्यांची रुंद गुराबे तोफा डागत, तर हलकी गलबते वल्ह्यांवर चालत आणि वारा पडल्यावर मोठ्या जहाजांना ओढून जागेवर आणत. युरोपीय जहाज वाऱ्यावाचून अडले की गलबते त्याच्या मागच्या बाजूने, जिथे तोफा कमी असत तिथे, भिडत आणि शिपाई वर चढत.

चाऊन पती-पत्नी मिऱ्यांनी भरलेल्या ‘ॲन’ या लहान जहाजातून निघाले. सोबतीला मुंबईचा गव्हर्नर विल्यम आयस्लाबी याची सशस्त्र नौका होती. कारवार सोडल्यावर लगेचच आंग्र्यांच्या चार जहाजांनी त्यांना गाठले. गव्हर्नरच्या नौकेने झुंज दिली, पण तिची डोलकाठी कोसळली. ‘ॲन’ मागे वळून कारवारकडे पळण्याच्या प्रयत्नात असताना तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात तुटला आणि रक्तस्रावाने तो पत्नीच्या मांडीवर मेला. सतरा वर्षांच्या आतबाहेरची कॅथरिन दुसऱ्यांदा विधवा झाली होती आणि गरोदर होती.

गव्हर्नरची नौका हाती लागणे ही कान्होजींच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. इंग्रज कैद्यांची किंमत त्यामुळे वाढली. कॅथरिनला कुलाब्यात ठेवले. ओहोटीला चालत जाता येणारा आणि भरतीला पाण्याने वेढला जाणारा हा किल्ला मुंबईपासून जवळ होता. बोलणी चालवायलाही तो सोयीचा होता.

त्याच सुमारास कान्होजींवर जमिनीकडून संकट येत होते. मराठ्यांच्या गादीवरून शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यात चाललेल्या झगड्यात ते ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तेव्हा कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले. बाळाजी विश्वनाथांनी पुढे समेट घडवून त्यांना शाहूंकडे वळवले. अशा वेळी समुद्राची बाजू शांत राहावी, हा इंग्रजांशी तह करण्यामागचा हेतू असावा. कंपनीच्या जहाजांना त्रास न देण्याचे कान्होजींनी कबूल केले. त्या बदल्यात कंपनीने आपल्या मालकीच्या जहाजांखेरीज कुणाला इंग्रज निशाण लावू द्यायचे नाही, असे ठरले. म्हणजे मूळ भांडणाचा मुद्दा कान्होजींनी पदरात पाडून घेतला. मॅकिंटॉश नावाचा अधिकारी खंडणीची रक्कम घेऊन कुलाब्याला गेला आणि फेब्रुवारीत कॅथरिनला घेऊन मुंबईस परतला. लवकरच तिला मुलगा झाला.

तिचा तिसरा नवरा विल्यम गिफर्ड हाही कंपनीचाच नोकर. त्याला केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगोच्या ठाण्याचे प्रमुखपद मिळाले. एप्रिल १७२१ मध्ये तो सुमारे १४० माणसांसह अट्टिंगलच्या राणीला नजराणा द्यायला गेला आणि तिथे जवळजवळ सगळे मारले गेले. मिऱ्यांच्या व्यापारातील त्याची लबाडी आणि स्थानिकांचा वाढत गेलेला राग ही त्यामागची कारणे होती. कॅथरिन बोटीतून मद्रासला निसटली. गिफर्डच्याही हिशेबात घोळ होता आणि कंपनी पुन्हा तिच्या मागे लागली.

इकडे तह टिकला नव्हता. चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर लढाया पेटल्या आणि १७१८ मध्ये आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावरचा इंग्रजांचा हल्ला फसला. डिसेंबर १७२१ मध्ये कमोडोर टॉमस मॅथ्यूजच्या राजेशाही आरमाराने पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावरच चाल केली. तीही फसली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा समेट करून अंग काढून घेतले. हाच मॅथ्यूज पुढे बंगालमध्ये कॅथरिनला भेटला. कंपनीची मागणी न जुमानता त्याने तिला आपल्या जहाजातून इंग्लंडला नेले आणि त्यावरून बराच बभ्रा झाला.

मॅथ्यूजच्या आरमारात नोकरी केलेल्या क्लेमंट डाउनिंगने १७३७ च्या पुस्तकात तिच्या कैदेची हकीकत दिली. सुटकेच्या वेळी तिच्या अंगावर धड वस्त्र नव्हते आणि आंग्र्यांच्या छळाला ती धैर्याने पुरून उरली, असे तो लिहितो. तो स्वतः तेव्हा तिथे नव्हता आणि त्याच्या लेखी कान्होजी चाचाच होते, त्यामुळे हे वर्णन सावधपणे घ्यावे लागते. १९०७ मध्ये जॉन बिडल्फने आपल्या मलबारच्या चाच्यांवरील पुस्तकात तिचे चरित्र जोडले आणि ते शीर्षकातही आणले. ही कथा आज प्रचारात आहे ती मुख्यतः तिथूनच.