न्याहारीचे ताट आणि धान्याची मालकी : युक्रेनच्या सकाळचा इतिहास

१/१८
युक्रेनची पारंपरिक न्याहारी भरपेट असते. वाफाळती खिचडी, बटाट्याची धिरडी, ताज्या चक्क्याच्या जाड टिक्क्या, आंबट साय, काळसर पाव आणि मध असा तिचा थाट. या ताटातला प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या शतकात तिथे आला. शेतात काय पिकते यापेक्षा पिकलेल्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या ताटाच्या इतिहासात वारंवार समोर येतो. हा धागा त्याच प्रश्नाचा मागोवा घेतो.

२/१८
प्रारंभ शब्दापासून. युक्रेनी भाषेत न्याहारीला ‘स्निदानोक’ म्हणतात. त्यातला मूळ धातू ‘खाणे’ या अर्थाचा जुना स्लाव्हिक धातू आहे आणि तो संस्कृतातील ‘अद्’ या धातूचा सगोत्र आहे. याच ‘अद्’पासून आपला ‘अन्न’ हा शब्द बनला. मधाला युक्रेनीत ‘मेद’ म्हणतात, तोही ‘मधु’चा भाऊबंद. मात्र ‘बाबा’ या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होईल. तिथे ‘बाबा’ म्हणजे आजी, आणि सकाळच्या स्वयंपाकाची परंपरा जिने जपली ती हीच.

३/१८
या स्वयंपाकाचे केंद्र म्हणजे ‘पीच’, घराचा मोठा भाग व्यापणारी मातीची किंवा विटांची बंदिस्त चूल. घरची स्त्री पहाटे उठून ती एकदाच पेटवी आणि त्याच आचेवर दिवसभराचे अन्न शिजवी. मातीची मडकी लांब दांड्याच्या दुबेळक्याने आत सरकवली जात. जाळ विझल्यावरही चुलीची ऊब तासन्‌तास टिके, हिवाळ्यात घरातले लोक तिच्यावर झोपत. सकाळचे जेवण जड असण्याचे कारण सरळ होते. त्यानंतर शेतात कष्टाचे अनेक तास असत आणि पुढचे गरम अन्न कधी मिळेल याचा नेम नसे.

४/१८
या ताटातला फार जुना थर म्हणजे ‘कुलिश’. वरी-राळ्याच्या घराण्यातले बारीक, पिवळे धान्य धुऊन मोठ्या कढईत शिजवायचे. ‘सालो’ म्हणजे डुकराची खारवलेली चरबी. तिचे तुकडे वितळवून त्यात कांदा परतायचा आणि ती फोडणी खिचडीत घालायची. नीपर नदीच्या खालच्या अंगाला तळ ठोकणाऱ्या झापोरोझियन कोसॅकांशी या पदार्थाचे नाव जोडलेले आहे. धान्य सहज वाहून नेता येई, चरबी लवकर नासत नसे आणि एका कढईत साऱ्या तुकडीचे भागे. १७७५ मध्ये सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या आज्ञेवरून त्यांचे ठाणे उद्ध्वस्त झाले. कुलिश मात्र खेड्यांच्या चुलीवर शिजत राहिला.

५/१८
दुसरा थर कुट्टूचा, म्हणजे ‘ह्रेच्का’चा. उत्तर भारतात उपवासाला चालणारे हेच ते कुट्टू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते तृणधान्य नव्हे. आपल्याकडच्या आंबट चुक्याच्या कुळातली ही वनस्पती आहे. हलक्या जमिनीत आणि थोड्या काळात तयार होणारे हे पीक, त्यामुळे गरिबांना आधाराचे. भाजलेले दाणे दुप्पट पाण्यात शिजवून झाकून ठेवायचे, म्हणजे ते मोकळे फुलतात. मग त्यात लोणी, दूध किंवा परतलेला कांदा घालायचा. आजही युक्रेनच्या असंख्य घरांत सकाळ अशीच उजाडते.

६/१८
इथे एक विसंगती जाणवते. युक्रेनची काळी जमीन, ‘चोर्नोझेम’, जगातील सर्वांत सुपीक जमिनींत गणली जाते, आणि ती गव्हासाठी प्रसिद्ध आहे. मग शेतकऱ्याच्या रोजच्या न्याहारीत कुट्टू, वरी आणि राईचा काळा पावच का? याचे उत्तर वेठबिगारीत आहे. आठवड्याचे अनेक दिवस जमीनदाराच्या शेतात राबणे बंधनकारक होते. ही प्रथा ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिसियात १८४८ मध्ये आणि रशियन साम्राज्यात १८६१ मध्ये संपली.

७/१८
१७९४ मध्ये वसवलेले ओदेसा बंदर एकोणिसाव्या शतकात धान्यव्यापाराचे मोठे केंद्र बनले. काळ्या जमिनीतला गहू जहाजांत भरून युरोपला जाई. गव्हाचे पीठ घरात आले तरी ते सणासुदीसाठी राखले जाई. पांढरा पाव ही अनेक कुटुंबांत रविवारची किंवा लग्नकार्याची वस्तू होती. पिकवणाऱ्याच्या ताटात गौण धान्य आणि बाजारात उत्तम धान्य, ही विभागणी भारतातील शेतकऱ्यालाही अपरिचित नाही.

८/१८
अमेरिका खंडातून आलेल्या दोन पिकांनी या ताटात भर घातली. पहिले पीक बटाट्याचे. एकोणिसाव्या शतकात तो सर्वदूर पसरला आणि त्यातून ‘देरुनी’ रूढ झाली. ‘किसणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून हे नाव पडले. कच्चा बटाटा व कांदा किसून, पाणी पिळून त्यात अंडे, मीठ आणि चिमूटभर पीठ घालायचे व तव्यावर पातळ धिरडी खरपूस तळायची. वर आंबट साय आणि चिरलेला शेपू. उत्तरेकडील पोलिस्या प्रदेशात देरुनीचा विशेष मान आहे. तिथल्या कोरोस्तेन शहरात तर देरुनीचा उत्सव भरतो.

९/१८
दुसरे पीक मक्याचे. कार्पेथियन पर्वतातील हुत्सूल मेंढपाळांनी मक्याचा रवा पाण्याऐवजी आंबट सायीत शिजवला, तोच ‘बानोश’. सायीतले तूप कडेला सुटेपर्यंत मंद आचेवर सतत ढवळायचे, नंतर त्यावर मेंढीच्या दुधाचे खारट चीज आणि अळंबी घालायची. पर्वतात गहू दुर्मीळ आणि दूध भरपूर, त्यामुळे तिथली न्याहारी सपाट प्रदेशापेक्षा निराळी झाली.

१०/१८
दुधाचा सर्वांत लाडका पदार्थ ‘सिरनिकी’. आंबलेले दूध मंद गरम करून, फडक्यात बांधून निथळले की ‘सिर’ मिळतो. तो चक्का आणि पनीर यांच्या मधला म्हणता येईल. चांगला कोरडा सिर कुस्करून त्यात अंडे, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि जेमतेम बांधण्यापुरते पीठ घालायचे. जाड, चपट्या टिक्क्या करून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सोनेरी कराव्यात. पीठ जास्त झाले तर टिक्की घट्ट होते, सिर ओला राहिला तर ती तव्यावर पसरते. सोबत साय, मध किंवा चेरीचा मुरंबा.

११/१८
तळण्याच्या तेलामागे धर्मही आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात बुधवार, शुक्रवार आणि मोठे उपवासकाळ पाळताना मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. त्या दिवशी कुलिशाला चरबीऐवजी तेलाची फोडणी बसे. एकोणिसाव्या शतकात सूर्यफुलाच्या तेलाचा प्रसार झाला आणि उपवासाच्या चुलीवर त्याने जम बसवला. भारताच्या सूर्यफूल तेलाच्या आयातीत २०२२ पूर्वी सर्वांत मोठा वाटा युक्रेनचाच होता. म्हणून त्या वर्षी युद्ध भडकताच इथल्या किराणा दुकानांतही तेलाचे भाव चढले.

१२/१८
वेठबिगारी संपली, तरी जमिनीची भूक संपली नाही. गॅलिसियातल्या शेतकऱ्याकडे उरलेले तुकडे कुटुंबाला अपुरे पडत. ७ सप्टेंबर १८९१ रोजी नेबिलिव्ह गावचे इवान पिलिपिव्ह आणि वासिल एलेन्याक कॅनडात उतरले. तिथे १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन कसायला मिळत असे. १९१४ पर्यंत सुमारे १,७०,००० युक्रेनी लोक कॅनडात पोहोचले. त्यांनी गवताळ प्रदेशात मातीच्या चुली बांधल्या, शेपू आणि बीट लावले. प्रथमच त्यांच्या ताटात आपल्या शेतातला गहू रोज येऊ लागला.

१३/१८
मागे राहिलेल्यांच्या वाट्याला निराळेच आले. १९२९ नंतर स्टालिनच्या राजवटीने जमिनी सक्तीने सामूहिक केल्या. धान्यवसुलीचे अवास्तव आकडे गावांवर लादले गेले. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातील चोरीला मृत्युदंड ठरवला. शिक्षा सौम्य करायची तरी किमान १० वर्षांची कैद होती. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणारेही या कायद्यात सापडत, म्हणून लोकांनी त्याला ‘पाच कणसांचा कायदा’ म्हटले.

१४/१८
नोव्हेंबर १९३२ मध्ये कोटा पूर्ण न करणारी गावे काळ्या यादीत टाकण्यात आली. त्या गावांचा मीठ, रॉकेल, काडेपेट्या अशा वस्तूंचा पुरवठा तोडला गेला. दंड म्हणून मांस आणि बटाटेही जप्त होऊ लागले. झडती पथके लोखंडी सळ्यांनी जमीन टोचत आणि धान्याच्या शोधात चुलीही फोडत. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने भुकेल्या शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर जाण्याची वाटही बंद झाली. याच काळात सोव्हिएत संघातून लाखो टन धान्य परदेशी निर्यात होत होते.

१५/१८
यालाच ‘होलोदोमोर’, म्हणजे उपासमारीने मारणे, असे म्हणतात. केवळ युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लाख माणसे मेली, असे लोकसंख्याशास्त्रज्ञांचे प्रचलित अनुमान आहे. त्या हिवाळ्यात आणि वसंतात घराघरांत झाडपाला, भुसा, गोठलेले सडके बटाटे यांच्या टिक्क्या थापल्या गेल्या. त्यांना ‘मातोर्झेनिकी’ हे नाव मिळाले. आकार सिरनिकीचा, हाताची सवय तीच, आत मात्र अन्न नव्हते. लग्नाच्या अंगठ्या आणि गळ्यातले सोन्याचे क्रूस सरकारी ‘तोर्गसिन’ दुकानांत देऊन लोकांनी पीठ घेतले.

१६/१८
पुढे यावर उघड बोलणे सोव्हिएत राज्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशक्य होते. याउलट १९३९ मध्ये मिकोयान यांच्या पुढाकाराने ‘चविष्ट आणि आरोग्यदायी अन्नाचे पुस्तक’ निघाले. त्यात समृद्ध मेजवान्यांची चित्रे होती. सामूहिक भोजनालये आणि बालवाड्यांतून काशा व सिरनिकी साऱ्या संघाचे सामाईक अन्न झाले, आणि त्यांची प्रादेशिक ओळख पुसट होत गेली. भूक ज्यांनी पाहिली त्या आज्यांनी इतिहास बोलून दाखवला नाही. पावाचा कण टाकू द्यायचा नाही, एवढी शिस्त मात्र नातवंडांना लावली.

१७/१८
स्मृतीचे जाहीर जतन आधी परदेशात झाले. १९८३ मध्ये, दुष्काळाला ५० वर्षे झाली तेव्हा, कॅनडातील एडमंटन शहरात होलोदोमोरचे स्मारक उभे राहिले. चर्चच्या स्वयंपाकघरांत ‘बाबा’ मंडळी सामूहिक श्रमाने करंजीसारखे वारेनिकी वळत आणि त्या विक्रीतून संस्था चालत. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला, २००६ मध्ये तिथल्या संसदेने होलोदोमोर हा वंशसंहार असल्याचे घोषित केले. १ जुलै २०२२ रोजी, युद्ध चालू असताना, युक्रेनी बोर्श बनवण्याच्या परंपरेला युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी काळ्या समुद्रातील नाकेबंदीने बंदरांत धान्य अडकले, आणि पिकलेल्यावर हक्क कोणाचा हा जुना प्रश्न पुन्हा जगापुढे आला.

१८/१८
नोव्हेंबरचा चौथा शनिवार हा होलोदोमोरचा स्मृतिदिन. त्या संध्याकाळी युक्रेनमधील घरांच्या खिडक्यांत मेणबत्त्या लागतात, स्मारकांपाशी गव्हाच्या लोंब्या ठेवल्या जातात. २०२२ मध्ये याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, इथिओपिया व सोमालियासारख्या भुकेने ग्रासलेल्या देशांना धान्य पाठवण्याची योजना युक्रेनने सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पुन्हा कुट्टू चढते, सिर कुस्करला जातो, बटाटे किसले जातात. मराठी घरात ही न्याहारी करून पाहायची तर कुट्टू, घट्ट निथळलेला चक्का, बटाटे, शेपू आणि मध एवढे पुरे. चक्का मात्र आदल्या रात्रीच फडक्यात बांधून टांगावा. त्याला निथळायला पूर्ण रात्र लागते.